खुनी कोण ते आईंना विचारा

माझ्या सासूबाईंना रहस्यपटाला नेऊ नये, असं नवऱ्याने मला लग्न झाल्या झाल्याच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. मी कुणाचंच ऐकत नाही असं त्याचं म्हणणं आहे. ते जरा जास्तच आहे, पण असो. यंदाच्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे परदेशात, डून लेरी ह्या समुद्राकाठच्या गावी आल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी समुद्र पाहिला, धक्क्यावर फेऱ्या मारल्या, गारठलेल्या पाण्यात पोहणाऱ्या इथल्या म्हाताऱ्या पाहिल्या आणि "ह्या बायकांना घरात कुणी ओरडत नाही काय?" असंही विचारून झालं. मग पाऊस लागला. घरात बसून बसून त्यांनी माझ्या फडताळातले, म्हणजे माझ्या लेकीच्या भाषेत 'प्रेस'मधले, सगळे डबे पुन्हा लावले. मला हळद सापडेना. तेव्हा मी म्हटलं, चला बाई, सिनेमाला जाऊ.

सिनेमा नुकताच लागलेला, इथलाच, खुनाचा. रविवारची दुपार होती. मी, नवरा, आमची बारा वर्षांची लेक आणि आई असे ओळीने बसलो. आईंना इंग्रजी वाचता येतं, पण इथले उच्चार त्यांच्या डोक्यावरून जातात. त्यामुळे आज त्या गप्प बसतील अशी मला आपली एक भाबडी आशा.

सिनेमा तसा बरा होता. समुद्राकाठचं मोठं घर, त्यात एक श्रीमंत म्हातारा मरून पडलेला, आणि अंत्यविधीला जमलेली पोरंबाळं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतायत. फोटोग्राफी झकास. पण पार्श्वसंगीत असं, की कुणी नुसतं दार उघडलं तरी काळजात धस्स व्हावं. आणि दाराआड निघतं काय, तर मांजर! डिटेक्टिव्ह बाई घटस्फोटित. सिनेमातल्या डिटेक्टिव्हांचे संसार का टिकत नाहीत, हे एक मला न सुटलेलं कोडं आहे. ती सारखी खिडकीशी उभी राहून पाऊस बघत होती. अहो, तो आम्ही घरी फुकट बघतो! पण एक प्रसंग मात्र मला फार आवडला. अंत्यविधीनंतर सगळं घर जेवायला बसतं आणि कुणीच काही बोलत नाही, नुसता काट्या-चमच्यांचा आवाज. तिथे दिग्दर्शकाला शंभरपैकी शंभर.

नेमका त्याच शांततेत आईंचा आवाज आला.

"जावयानं मारलंय. तो चष्मेवाला."

हळू नाही हां! सांगलीच्या घरात मागच्या दारातून पुढच्या दारातल्या माणसाला हाक मारायची तो आवाज. मी म्हटलं, "आई, हळू." तर म्हणतात कशा, "इथं कुणाला मराठी कळतंय?"

हा रोग त्यांना आमच्याकडूनच लागलेला. इथे राहणारी आम्ही सगळी मराठी माणसं हेच करतो. डार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, समोर बसलेल्या माणसाच्या केसांवर, दुकानात पुढच्या बाईच्या खरेदीवर, डॉक्टरच्या बाहेर बसलेल्यांच्या आजारांवर, हसऱ्या चेहऱ्याने, खणखणीत मराठीत बोलायचं. कुणाच्या बापाला कळतंय! आई आठवडाभरात हे शिकल्या आणि आमच्याही पुढे गेल्या. त्यांनी चष्मेवाल्या जावयाने का मारलं, कसं मारलं आणि सुरा कुठे टाकला असेल तेही सांगून टाकलं.

तेवढ्यात आमच्या पुढच्या रांगेतला एक मुलगा सावकाश मागे वळला. अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण आवाज रडवेला होता.

"काकू, प्लीज. मी मेनूथहून गाडी बदलून आलोय हो हा सिनेमा बघायला."

माझी तर पाचावर धारण बसली. नवरा खुर्चीत इतका खाली घसरला की दिसेनासाच झाला. लेक म्हणाली, "ओह, दॅट्स डेडली," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'एकदम झकास', आणि फिदीफिदी हसायला लागली. आई मात्र ढिम्म.

"मग बघ की," त्या म्हणाल्या. "मी कुठं अडवलंय?"

जावयानेच मारलं होतं. सुराही आई म्हणाल्या तिथेच निघाला.

बाहेर पडलो तर तो मुलगा दाराशी आमची वाट बघत उभा. मला वाटलं भांडायला थांबलाय. म्हणून मीच आधी माफी मागितली. तो म्हणाला, "काकू, ते जाऊ द्या. आजींना कळलं कसं ते सांगा." आमच्या दोघांच्या वयात पंधराएक वर्षांचं अंतर असेल नसेल आणि हा मला काकू म्हणतो! ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही. नागपूरचा होता, मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करत होता, आणि खुनाच्या सिनेमांचं त्याला वेड होतं.

आईंनी त्याला तिथेच फूटपाथवर उभ्या उभ्या समजावलं. "हे बघ बाळा, पोलीस काय विचारतात? तू कुठं होतास, तुझं कुणाशी भांडण होतं. मी तसलं काही बघत नाही. मी ताटं बघते. मघाशी सगळी जेवायला बसली. तो जावई सगळ्यांना वाढत होता. त्याला कुणी एकानं तरी विचारलं काय, बाबा तू जेवलास काय? नाही विचारलं. घरात ज्याला कुणी जेवलास काय म्हणून विचारत नाही, त्याच्या मनात काय शिजतंय ते कुणाला कळणार? तोच असतोय बघ."

आई सांगलीच्या मोठ्या घरातल्या थोरल्या सूनबाई. दीर, जावा, नणंदा, त्यांची पोरं, शिकायला येऊन राहिलेली भाचरं, ह्या सगळ्यांची ताटं त्यांनी सांभाळलेली. त्यामुळे त्यांचं हे शास्त्र ऐकून तो पोरगा चाटच पडला. मला मात्र हसू फुटलं. मी म्हटलं, "अच्छा! म्हणजे लेकाने खून करू नये म्हणून तुम्ही रोज फोन करता होय!"

हा फोन म्हणजे आमच्या घरातली दंतकथा आहे. आई सांगलीत असल्या की रोज आमच्या जेवणाच्या वेळेला नवऱ्याचा फोन वाजतो. "जेवलास काय?" "हो." "काय जेवलास?" "पोळी-भाजी." "बरं, ठेवते." संपलं! ह्यात बदल नाही. तो मीटिंगमध्ये असो, गाडी चालवत असो, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसलेला असो, त्याने जेवल्याचं सांगायचंच. मी ह्या फोनची नक्कल फार छान करते. चार मराठी माणसं जमली की फर्माईश होते. मीही घरूनच काम करते, शेजारच्याच खोलीत असते, पण माझ्यासाठी त्या फोनवर असलाच तर निरोप असतो. "तिला सांग, तुला ताक करून देत जा म्हणावं." नकलेत हे वाक्य आलं की बायका हमखास हसतात.

तर, त्या फूटपाथवर माझ्या डोक्यात एकदम दिवा पेटला. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी एक नाटक बसवत होते. रहस्यनाटक. मीच लिहिलेलं. आमचा इन्स्पेक्टर झालेला डॉक्टर ऐन तालमीत स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागून निघून गेला होता. मी त्या मुलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नाटकात काम करशील?" तो म्हणाला, "खुनाचं आहे?" झालं. मला इन्स्पेक्टर मिळाला.

आता माझ्या जिवाला काय घोर लागला होता ते सांगते. कॉलेजात असताना मी एकांकिका लिहायचे. लोक म्हणायचे, बरं लिहितेस. मग नोकरी, लग्न, व्हिसा, बाळंतपण, सगळं रांगेने आलं. आज मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्यांना नम्रपणे कळवते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी केलं होतं, ज्यात चुका शोधायची पाळी आता दुसऱ्यांची होती. मला एवढंच हवं होतं, की खुनी कोण ते शेवटपर्यंत हॉलमध्ये कुणालाही कळू नये. आणि त्यातल्या त्यात आईंना तर अजिबात नाही. त्यांनी हरावं आणि म्हणावं, लिहिलंयस चांगलं. बस्स. माझ्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हणायची त्यांची पद्धत नाही. भाजी चांगली झाली की त्या म्हणतात, "भाजी ताजी मिळालीय."

पण पंचाईत अशी, की ह्या हॉलमध्ये प्रत्येक माणसाला मराठी कळणार. आईंनी पहिल्याच अंकात तोंड उघडलं, की माझी सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. नवरा म्हणाला, "आईला घरी ठेवू या का?" आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नको, मार खाईन." कारण नाटकात तो स्वतः काम करत होता. मुलगा स्टेजवर, आणि आई घरी? शक्यच नाही.

शेवटी मी पैज मारली. मध्यंतरापर्यंत हूं की चूं करायचं नाही. मध्यंतरात माझ्या कानात खुनी कोण ते सांगायचं. बरोबर निघालं तर मी फोनची नक्कल कायमची बंद करीन. चूक निघालं तर आईंनी ह्यापुढे सिनेमात खुनी सांगायचा नाही. कधीच नाही. आई म्हणाल्या, "चालतंय. तुझी नक्कल मला तशीही आवडत नाही. मी ठेवते म्हणताना एवढी तुटक बोलत नाही." बाई गं! त्यांना नकलेचं कुणी सांगितलं? लेक एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागली.

नाटक असं होतं. पुण्यातली एक हाउसिंग सोसायटी. वार्षिक सभेच्या दिवशी गच्चीवर चेअरमन मरून पडलेले. संशयित बरेच: सेक्रेटरी, चेअरमनची बायको, तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, आणि प्रत्येक सभेला खुर्च्या लावणारा एक शेजारी. हा शेजारी खुर्च्या मांडतो, चहा फिरवतो, खुर्च्या उचलतो. खुनी तोच. का, तर इतकी वर्षं तो खुर्च्या लावतोय, आणि एकानेही त्याला कधी म्हटलं नाही, की अहो, तुम्हीपण बसा. हे मी आईंचं शास्त्र ऐकायच्या आधीच लिहिलं होतं; ऐकल्यावरही बदललं नाही, मुद्दाम त्यांच्याच डोळ्यांसमोर ठेवलं. इतकं उघड, की त्यांना वाटावं, छे, ही इतकं सोपं करणार नाही. आणि त्या शेजाऱ्याचं काम करत होता माझा नवरा. सगळ्या मंडळात त्याच्याइतका गरीब चेहरा कुणाचा नव्हता.

चेहरा गरीब, पण अभिनय त्याहून गरीब. तालमीत तो संवाद असे म्हणायचा की जणू बँकेत खातं उघडायला आलाय. मी ओरडायचे, तो "सॉरी सॉरी" म्हणायचा आणि पुन्हा तस्संच म्हणायचा. तालमी आम्ही आईंपासून लांब, चर्चमागच्या हॉलमध्ये करायचो. आई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी नातीला बेसनाचे लाडू करून घातले. नात घंटा वाजवायच्या कामावर होती, तिला सगळं माहीत होतं. लाडू खाऊन ती इथल्या पोरांसारखे हेल काढून म्हणायची, "नो कॉमेंट, आज्जी." डबा रिकामा झाला तरी पोरगी फुटली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

प्रयोगाचा दिवस उजाडला. हॉलची देखभाल करणारे आजोबा आम्ही स्टेजवर नारळ का फोडतोय ते बघायला येऊन उभे राहिले. उदबत्ती लावायची नाही, अलार्म वाजतो, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळे नटराजाला आम्ही न पेटवलेली उदबत्ती ओवाळली. देव समजून घेतात. नारळाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला तर म्हणाले, "ग्रँड, ग्रँड," आणि खिशात टाकून गेले. तिसऱ्या घंटेशिवाय नाटक सुरू करणं मला अशुभ वाटतं, आणि हॉलमध्ये घंटा नव्हती, म्हणून आईंच्या देवपूजेची पितळी घंटा आणली होती. लेकीने ती तिसऱ्यांदा इतकी जोरात वाजवली की पहिल्या रांगेतल्या एका काकांनी हात जोडले.

आई तिसऱ्या रांगेत, नवी नारायणपेठी नेसून, मांडीवर पर्स घेऊन ताठ बसलेल्या. मी विंगेतून त्यांच्यावर नजर ठेवून होते. नाटक कमी आणि आईच जास्त बघत होते म्हणा ना! त्या खरंच गप्प होत्या. चेअरमन मेले, गप्प. बायकोने हंबरडा फोडला, गप्प. फक्त माझा नवरा खुर्च्या घेऊन आला तेव्हा त्यांनी शेजारच्या बाईंना कोपराने ढोसलं. "माझा मुलगा" असंच म्हटलं असणार.

आणि तिथेच घोळ झाला. नवऱ्याने सगळ्यांना चहा द्यायचा होता, इन्स्पेक्टरलासुद्धा. भीतीच्या भरात तो इन्स्पेक्टरला विसरलाच! ट्रे घेऊन सरळ विंगेत आला. मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "अरे त्याचा चहा!" तो म्हणाला, "सॉरी सॉरी." आता परत कसा जाणार? मेनूथचं पोर स्टेजवर बिनचहाचं उभं. त्याचं पुढचं वाक्यच "चहा उत्तम झालाय" असं होतं. त्याने ते गाळलं, बिचाऱ्याने.

मध्यंतर झालं. बाहेर बटाटेवड्यांच्या टेबलाभोवती ही गर्दी. आईंनी मला कोपऱ्यात ओढलं आणि कानात म्हणाल्या, "इन्स्पेक्टर."

मला वाटलं मी तिथेच नाचेन. "कशावरून?"

"सगळ्यांना चहा मिळाला. त्याला नाही. तू असलं काहीतरी घालणारच, मला माहीत होतं." त्या इतक्या खूश होत्या, की मला त्यांची दया आली. पण पैज ती पैज. मी गंभीर तोंडाने म्हटलं, "बघू या." आणि विंगेत जाऊन नवऱ्याला म्हटलं, "तू चहा विसरलास ते फार बेस्ट केलंस." लग्नानंतर त्याच्या विसरभोळेपणाचं कौतुक मी पहिल्यांदाच केलं. तो घाबरला.

दुसरा अंक रंगला. खरंच रंगला. कुणी खोकेना, कुणाचा मोबाईल वाजेना. इन्स्पेक्टर एकेकाला खिंडीत गाठत होता. मी मनात म्हणत होते, आता, आता. शेवटी तो माझ्या नवऱ्यापुढे आला आणि म्हणाला, "आज एक खुर्ची कमी का लावलीत?" नवऱ्याने मान वर केली. आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्यांदा तो बँकेत आल्यासारखा बोलला नाही. हळूच म्हणाला, "मीच मारलं त्यांना."

हॉलमधून "हाँ!" असा आवाज आला. तो आवाज ऐकायला मी जन्माला आले होते, असं मला त्या क्षणी वाटलं. मी आईंकडे पाहिलं. त्या अर्धवट उठल्या होत्या.

"काहीतरीच!" आई म्हणाल्या. तोच आवाज, मागच्या दारातून पुढच्या दारात जाणारा. "तो नाही. तो कुणाला तरी पाठीशी घालतोय."

हॉलमध्ये खसखस पिकली. मी कपाळावर हात मारला. मेलं माझं नाटक! लेकीने घंटा छातीशी धरली. इन्स्पेक्टर हसू दाबायला पाठमोरा झाला. नवरा मात्र तसाच उभा होता. त्याने खाली आईकडे पाहिलं आणि आपलं पुढचं वाक्य म्हटलं, अगदी तिलाच सांगितल्यासारखं.

"इतकी वर्षं खुर्च्या लावतोय मी. कुणी एकदा तरी म्हटलं का, तूपण बस?"

हसणं थांबलं.

"बस की रे बाळा मग," आई म्हणाल्या. ह्या वेळी आवाज मोठा नव्हता. पण सगळ्यांना ऐकू गेला.

माझ्या संहितेत ह्या जागी इन्स्पेक्टर बेड्या घालतो आणि एक लांबलचक भाषण करतो. भाषण मी फार कष्टाने लिहिलं होतं. नवरा बसला. स्वतः मांडलेली एक खुर्ची त्याने ओढली आणि तिच्यावर टेकला, हात मांडीवर ठेवून. त्या मेनूथच्या पोराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, टेबलावरचा एक चहाचा कप उचलला, त्याच्या हातात दिला आणि भाषण न करता बाजूला उभा राहिला. मी लेकीला खूण केली. पडदा.

टाळ्या किती वेळ वाजत होत्या! लोक मला येऊन सांगत होते, ती प्रेक्षकांतून बोलणारी आजी काय झकास बसवलीयस! मी म्हटलं, थँक यू. काय सांगत बसणार?

गाडीत मला राहवेना. "आई, हरलात तुम्ही."

"हरले." मग पर्स मिटत म्हणाल्या, "पण तू चुकीचं लिहिलंयस."

"अहो, तुमचंच शास्त्र आहे! त्याला कुणी विचारत नव्हतं, म्हणून तोच खुनी."

"मी विचारते की," आई म्हणाल्या. "रोज विचारते."

नवरा गाडी चालवत होता, त्याचे कान लाल झाले होते. मागून लेक म्हणाली, "आज्जी, इट्स ओन्ली अ प्ले." आईंनी तिच्या पाठीवर एक चापट मारली.

घरी आल्यावर मी सवयीने स्वयंपाकघरात शिरले. भूक सगळ्यांनाच लागली होती. मी कुकर काढला, तर आईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे खुर्च्यांचं, बस न म्हणण्याचं, तुला सुचलं कसं गं?"

"सुचलं असंच."

"असंच सुचत नसतंय," त्या म्हणाल्या. "बस तिकडं. मी लावते कुकर." आणि पाठ वळवून तांदूळ धुता धुता म्हणाल्या, "लिहिलंयस चांगलं."

मी बसले. त्या दिवशीचा वरण-भात मी दोनदा वाढून घेतला.

आईंनी पैज पाळली. जायच्या आधी आम्ही आणखी एक खुनाचा सिनेमा पाहिला. तोंडाला पदर लावून बसल्या. एक शब्द नाही. पण एक गोड हसणारी नर्स पडद्यावर आली तेव्हा त्यांनी माझा दंड असा काही करकचून दाबला, की मला कळायचं ते कळलं. बोलायचं नाही एवढंच ठरलं होतं, त्याला मी तरी काय करणार!

त्या सांगलीला पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला नवऱ्याचा फोन वाजला. "जेवलास काय?" "हो." "काय जेवलास?" "पोळी-भाजी." मी शेजारच्या खोलीत ऑफिसच्या कामात बुडालेली. पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण नवराच फोन घेऊन माझ्या दारात आला. "तुला देतोय," तो म्हणाला. त्यालाही काही कळत नव्हतं.

मी फोन घेतला. "काय आई? पोचलात नीट? त्याला ताक देते मी, काळजी नको."

"ताक त्याचं तो करून घेईल," आई म्हणाल्या. "तू जेवलीस काय?"

माझ्या समोर सकाळचा अर्धा कप चहा होता, त्यावर साय धरलेली. ताट अजून घेतलंच नव्हतं. मी म्हटलं, "हो, जेवले की."

"खोटं," आई म्हणाल्या. "आवाजावरून कळतंय मला. ऊठ, आधी जेव. मी फोन धरून बसलीय."